मराठी मजकूर वाइड स्ट्रिंगमध्ये नेताना: सी++ प्रोग्रामरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोजवर सी किंवा सी++ मध्ये काम करताना साध्या बाइट-स्ट्रिंगमधला मजकूर वाइड स्ट्रिंगमध्ये (जिचे प्रत्येक एकक एका बाइटपेक्षा मोठे असते) नेण्याची वेळ वारंवार येते. इंग्रजी मजकुरावर तपासले तर चुकीचा कोडही बरोबर चालताना दिसतो. मराठी मजकूर तीच चूक पहिल्याच ओळीत उघडी पाडतो. म्हणून इथली उदाहरणे मराठी शब्दांची आहेत, आणि तुमच्या चाचण्यांमध्येही मराठी शब्द असावेत असा आमचा आग्रह आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडेसे: फंक्शन आणि प्रकारांची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती रोमनमध्ये, लहान-मोठी अक्षरे सांभाळून लिहायची. षोडशमान संख्यांतली ए ते एफ ही अक्षरेही देवनागरीत आहेत. उदाहरणार्थ, म चा कोडपॉइंट (युनिकोडने चिन्हाला दिलेला क्रमांक) यू+०९२ई.

वाइड कॅरेक्टर म्हणजे नक्की किती मोठे?

ते प्लॅटफॉर्मवर ठरते, आणि निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात. विंडोजवर डब्ल्यूचार-टी (वाइड कॅरेक्टरचा प्रकार) २ बाइटचा असतो आणि त्यात यूटीएफ-१६ चे एक एकक मावते (यूटीएफ-८, १६ आणि ३२ या कोडपॉइंट बाइटांत लिहिण्याच्या पद्धती). लिनक्सवर तो ४ बाइटचा असतो आणि त्यात अख्खा कोडपॉइंट मावतो. भाषेच्या मानकात हा आकार ठरवून दिलेला नाही. त्यामुळे वाइड स्ट्रिंगची मेमरी जशीच्या तशी फाइलमध्ये लिहून दुसऱ्या यंत्रणेवर वाचणे कधीच भरवशाचे नसते. आकार पक्का हवा असेल तर सी++११ पासून चार१६-टी आणि चार३२-टी हे प्रकार आहेत.

“मराठी” या शब्दाची लांबी किती?

वाचणाऱ्याला अक्षरे तीन दिसतात: म, रा, ठी. युनिकोडमध्ये कोडपॉइंट पाच आहेत: म (०९२ई), र (०९३०), काना (०९३ई), ठ (०९२०), दुसरी वेलांटी (०९४०). यूटीएफ-८ मध्ये हा शब्द १५ बाइट घेतो, कारण देवनागरीच्या मूळ विभागातला, म्हणजे ०९०० ते ०९७एफ मधला, प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटचा असतो. यूटीएफ-१६ मध्ये १० बाइट लागतात आणि यूटीएफ-३२ मध्ये २०.

हे आकडे लक्षात ठेवा. रूपांतरानंतर विंडोजवर डब्ल्यूसीएस-लेन (वाइड स्ट्रिंगची लांबी मोजणारे फंक्शन) ने ५ सांगितले तर काम झाले. १५ सांगितले तर बाइट नुसते पसरले गेले आहेत, रूपांतर झालेलेच नाही. ६ आले तर बहुधा शेवटचे शून्यही लांबीत मोजले गेले आहे (हे स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या साइझमध्ये दिसते, डब्ल्यूसीएस-लेन मध्ये नाही).

पॉइंटर वाइड प्रकारात कास्ट केला की कंपायलर गप्प बसतो. मग पडद्यावर भलतीच लिपी का?

कास्ट केल्याने एकही बाइट बदलत नाही. त्याच बाइटांकडे दोन-दोनच्या जोडीने बघायला तुम्ही सांगता, एवढेच. “मर” चे यूटीएफ-८ बाइट आहेत ई० ए४ एई ई० ए४ बी०. विंडोजवर धाकटा बाइट आधी धरला जातो, म्हणून जोड्या होतात ए४ई०, ई०एई, बी०ए४. यांतला पहिला लिसू लिपीतला, दुसरा खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या विभागातला आणि तिसरा कोरियन. इंग्रजी मजकूर असा कास्ट केला की बहुतेक वेळा चिनी अक्षरे दिसतात. कारण तेच.

धोका एवढ्यावर थांबत नाही. बाइट-स्ट्रिंगच्या शेवटी शून्याचा एकच बाइट असतो, वाइड स्ट्रिंगला दोन लागतात. कास्ट केलेली स्ट्रिंग वाचणारे फंक्शन शेवट ओलांडून पुढच्या मेमरीत शिरते आणि क्रॅश कधी होईल हे सांगता येत नाही. कंपायलर प्रकार जुळत नसल्याची तक्रार करतो तेव्हा तो योग्यच तक्रार करत असतो. कास्टने त्याचे तोंड बंद करू नका.

स्ट्रिंगच्या सुरुवात-शेवट इटरेटरांवरून वाइड स्ट्रिंग बनवली तर?

इंटरनेटवर सर्वाधिक चिकटवला जाणारा हा एक-ओळी उपाय आहे आणि तो फक्त आस्कीपुरता, म्हणजे ० ते १२७ या मूल्यांपुरता खरा आहे. तो प्रत्येक बाइटचे एक वाइड कॅरेक्टर करतो, म्हणून “मराठी” १५ एककांचा होतो. शिवाय चार हा प्रकार विंडोजवर सहसा चिन्हांकित असतो. ई० या बाइटचे मूल्य तिथे उणे ३२ धरले जाते आणि वाइड होताना ते एफएफई० बनते, म्हणजे पूर्ण रुंदीचे सेंटचे चिन्ह. पडद्यावर सेंटची चिन्हे आणि अरुंद कोरियन अक्षरे आळीपाळीने दिसली, की कोडमध्ये हा उपाय शोधा. सापडेल.

मग विंडोजवर बरोबर पद्धत कोणती?

मल्टिबाइट-टू-वाइडचार हे फंक्शन दोनदा बोलवायचे. पहिल्यांदा लागणारी जागा विचारायची, दुसऱ्यांदा खरे रूपांतर करायचे.

१. स्रोत रिकामा असेल तर तिथेच रिकामी वाइड स्ट्रिंग परत द्या. लांबी ० दिली की हे फंक्शन अपयशी ठरते आणि त्रुटी ८७ येते. रिकामे नाव, रिकामा पत्ता अशा नोंदींवर प्रोग्राम पडतो तो यामुळे.

२. पहिली हाक: कोडपेज, म्हणजे बाइटांचा अर्थ लावण्याच्या तक्त्याचा क्रमांक, ६५००१ (यूटीएफ-८), फ्लॅग ८ (अवैध बाइट आढळल्यास थांब), स्रोताचा पॉइंटर, स्रोताची लांबी बाइटमध्ये, बफर नल, बफरची लांबी ०. उत्तरात लागणारी वाइड एकके मिळतात. “मराठी” साठी ५.

३. उत्तर ० आले तर गेट-लास्ट-एरर लगेच वाचा. मध्ये लॉग लिहिणारे किंवा मेमरी सोडणारे काहीही येऊ देऊ नका, नाहीतर त्रुटीचा आकडा बदलून जातो.

४. मिळालेल्या संख्येइतकी वाइड स्ट्रिंग रिसाइझ करा.

५. दुसरी हाक: पहिले चार अर्ग्युमेंट तेच, बफर म्हणजे त्या स्ट्रिंगचा डेटा, आणि बफरची लांबी एककांमध्ये.

पाचव्या पायरीतला “एककांमध्ये” हा शब्द ठळक करून ठेवण्यासारखा आहे. स्रोताची लांबी बाइटमध्ये द्यायची असते आणि बफरची वाइड एककांमध्ये. तिथे सवयीने साइझऑफ लिहिले तर बफर आहे त्याच्या दुप्पट मोठा असल्याचे तुम्ही फंक्शनला सांगता आणि ते हद्दीबाहेर लिहिते. सुरक्षेच्या दृष्टीने या सगळ्या पानावरची सर्वांत गंभीर चूक हीच. उलट बाजूला, मॅलॉकने जागा घेताना एककांची संख्या डब्ल्यूचार-टी च्या आकाराने गुणायला विसरू नका. मेमरी नेहमी बाइटमध्येच मागायची असते.

दोन हाका टाळायच्या असतील तर एक पक्का नियम कामी येतो: यूटीएफ-८ मधून निघणारी यूटीएफ-१६ एकके मूळ बाइटांपेक्षा जास्त कधीच नसतात. म्हणून बाइटांच्या संख्येइतकी एकके आधीच घ्या, एकदाच रूपांतर करा आणि उत्तराच्या संख्येवर स्ट्रिंग कापा. शुद्ध मराठी मजकुराला यात गरजेच्या तिप्पट जागा लागते. छोट्या स्ट्रिंगांना हे चालते, मोठ्या फाइलला नको.

स्रोताची लांबी उणे १ द्यावी की खरी?

उणे १ दिले की फंक्शन शून्यापर्यंत स्वतः जाते आणि ते शून्यही रूपांतरित करून मोजते. “मराठी” साठी मग उत्तर ६ येते. ते सहा घेऊन स्ट्रिंग रिसाइझ केली तर तिच्या पोटात एक जादा शून्य राहते. छापताना काही दिसत नाही, पण तुलना फसते आणि पुढे जोडलेला मजकूर कुठल्या कुठे गायब होतो. खरी लांबी दिली तर शेवटचे शून्य मिळत नाही. स्ट्रिंग ऑब्जेक्ट वापरत असाल तर ते शून्य तो स्वतः सांभाळतो, साधा ॲरे असेल तर तुम्हाला घालावे लागते.

आमचा कौल खऱ्या लांबीच्या बाजूने. मजकुराच्या मधोमध शून्य आले तरी तुकडा हरवत नाही. ही लांबी इंट प्रकारची असते, म्हणून २ जीबीच्या पलीकडचा मजकूर तुकड्यांनीच द्यावा लागतो.

कोडपेज म्हणून सीपी-एसीपी का देऊ नये? सगळ्या नमुन्यांत तेच असते.

सीपी-एसीपी म्हणजे “या संगणकाचे जे काही एएनएसआय कोडपेज असेल ते”, म्हणजे युनिकोडपूर्व काळातले, भाषागणिक वेगळे असणारे कोडपेज. देवनागरीसाठी विंडोजने असे कोडपेज कधीच काढले नाही. ग्रीकला १२५३ मिळाले, रशियनला १२५१, अरबीला १२५६. मराठी, हिंदी, कोकणी या भाषा विंडोजमध्ये थेट युनिकोडनेच आल्या. भारतातल्या बहुतेक संगणकांवर सीपी-एसीपी म्हणजे १२५२, अर्थात पश्चिम युरोपचे. त्यात एकही देवनागरी अक्षर नाही.

म्हणूनच नावाच्या शेवटी ए असलेली विंडोज फंक्शने मराठी फाइलनावे उघडू शकत नाहीत, शेवटी डब्ल्यू असलेलीच वापरावी लागतात. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये ॲक्टिव्ह-कोडपेज यूटीएफ-८ असे नोंदवता येते. मग त्या प्रोग्रामपुरते सीपी-एसीपी हेच ६५००१ होते आणि ए-फंक्शनेही मराठी पेलतात. नवा प्रोग्राम असेल तर ही सोय जरूर घ्या. जुन्या विंडोजवर ती नोंद काही परिणाम करत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

प्रत्येक अक्षरामागे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाचे चिन्ह दिसते. काय बिघडले?

यूटीएफ-८ बाइट १२५२ समजून वाचले गेले. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ई० ने सुरू होतो. १२५२ मध्ये ई० म्हणजे तोच तिरक्या रेघेचा ए. दुसरा बाइट अ पासून ह पर्यंतची मुळाक्षरे, काना आणि पहिली वेलांटी यांच्यासाठी ए४ असतो, म्हणजे चलनचिन्ह. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांच्यासाठी तो ए५ असतो, म्हणजे येनचे चिन्ह. या खुणेवरून निदान नक्की करता येते.

बिघडलेला मजकूर साठवला गेला असेल तर उलट वाटेने परत आणता येतो: वाइड मजकूर १२५२ मध्ये उतरवा, मिळालेले बाइट यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाइड करा. पण सगळे परत येईलच असे नाही. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. विंडोजचे फंक्शन त्या जागा नियंत्रण-कोड म्हणून जपते, पण अनेक अवजारे तिथे प्रश्नचिन्ह टाकतात किंवा बाइट गाळतात. आता कोणाचा तिसरा बाइट काय आहे ते पाहा. पहिल्या उकाराचा ८१, पाय मोडण्याच्या चिन्हाचा ८डी, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे अशा अवजारातून गेलेल्या मजकुरात सगळे पहिले उकार आणि सगळी जोडाक्षरे कायमची जखमी होतात. “पुण्याच्या” या एका शब्दात असे तीन घाव बसतात.

ठ चीही वेगळीच अडचण आहे. त्याचा तिसरा बाइट ए० आणि १२५२ मध्ये ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. कोणी बिघडलेल्या मजकुरातली ती जागा साध्या स्पेसमध्ये बदलली की ठ गेला. तशीच चूक बाइट-स्ट्रिंगच्या कडेची मोकळी जागा छाटणाऱ्या कोडमध्येही घडते. काही लोकेलमध्ये (भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगमध्ये) इझ-स्पेस हे फंक्शन ए० ला मोकळी जागा समजते आणि “मीठ”, “पाठ”, “मठ” या शब्दांचा शेवटचा बाइट छाटला जातो. छाटणी, शोध, तुलना ही कामे वाइड रूपांतर झाल्यावर करा, किंवा यूटीएफ-८ जाणणाऱ्या लायब्ररीकडून करून घ्या.

अवैध बाइट आले तर थांबावे की पुढे जावे?

फ्लॅग ८ दिला तर फंक्शन ० परत देते आणि त्रुटी १११३ असते. फ्लॅग ० दिला तर व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये अवैध बाइटांच्या जागी यू+एफएफएफडी, म्हणजे चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. वापरकर्त्याचा मजकूर साठवायचा असेल तर थांबा आणि त्रुटी दाखवा. लॉग फाइल नुसती दाखवायची असेल तर बदली चिन्ह पुरते. ६५००१ सोबत ० आणि ८ याखेरीज दुसरा कुठलाही फ्लॅग चालत नाही, त्रुटी १००४ मिळते. जुन्या नमुन्यांतला “प्रीकंपोज्ड” फ्लॅग तसाच ठेवून नुसते कोडपेज बदलणाऱ्यांना ती हमखास भेटते.

मोठी फाइल तुकड्यांनी वाचली की मध्येच बदली चिन्हे येतात. फाइल तर ठीक आहे.

तुकड्याच्या कडेवर अक्षर कापले जाते. नेहमीचा बफर ४०९६ बाइटचा. ४०९६ ला ३ ने भागले तर बाकी १ उरते, म्हणून सलग देवनागरीचा पहिला तुकडा एकटा ई० घेऊन संपतो आणि पुढचा तुकडा त्याच्या उरलेल्या दोन बाइटांनी सुरू होतो. दोन्ही बाजूंना बिघाड.

उपाय असा: तुकडा रूपांतरित करण्यापूर्वी शेवटून मागे या. ८० ते बीएफ मधले बाइट हे पुढे चालू असलेले बाइट. ते ओलांडत आरंभीच्या बाइटापर्यंत पोहोचा, जास्तीत जास्त तीन पावले लागतात. आरंभीचा बाइट सी२ ते डीएफ असेल तर अक्षर २ बाइटचे, ई० ते ईएफ असेल तर ३ चे, एफ० ते एफ४ असेल तर ४ चे. तेवढे बाइट हातात नसतील तर तो अपुरा तुकडा बाजूला ठेवा आणि पुढच्या वाचनाच्या आधी जोडा. बफरचा आकार ३ च्या पटीत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. एक साधा स्पेस किंवा नवी ओळ आली की गणित सरकते.

फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट असू शकतात. रूपांतर करणारे फंक्शन ते गाळत नाही, त्याचे यू+एफईएफएफ करून तुमच्या पहिल्या शब्दाला चिकटवते. सीएसव्हीतला पहिला स्तंभ “सापडत नाही” अशी तक्रार आली तर आधी हे पाहा. तीनही बाइट तपासून वगळा.

कोडमध्येच एल लावून मराठी लिहिले आहे, तरी चुकीचे येते.

एल हा उपसर्ग कंपायलरला वाइड स्ट्रिंग बनवायला सांगतो, पण सोर्स फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते सांगत नाही. फाइल यूटीएफ-८ असून तिच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट नसतील, तर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ती संगणकाच्या एएनएसआय कोडपेजमध्ये आहे असे धरतो आणि पुन्हा तोच चलनचिन्हांचा खेळ सुरू होतो. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या दुसऱ्या अपडेटपासून स्लॅश-यूटीएफ-८ हा पर्याय आहे. तो प्रोजेक्टच्या कमांड-लाइनमध्ये कायमचा लावा. जीसीसी आणि क्लँग सोर्स यूटीएफ-८ च धरतात.

एक स्वस्त पहारेकरी: स्टॅटिक-असर्टमध्ये एल-“मराठी” चा साइझऑफ भागिले डब्ल्यूचार-टी चा साइझऑफ बरोबर ६ आहे असे लिहून ठेवा. पाच कोडपॉइंट आणि एक शून्य. एखाद्या बिल्ड-मशीनवर पर्याय राहून गेला तर कंपाइल होतानाच कळते.

एल फक्त कोडमध्ये लिहिलेल्या स्थिर स्ट्रिंगांना लागतो. चलाआधी (व्हेरिएबलआधी) तो लावता येत नाही. तिथे रूपांतरच करावे लागते.

एटीएल या मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीतले सीए-टू-डब्ल्यू वापरले तर सोपे नाही का?

सोपे आहे, दोन अटींवर. दुसरे अर्ग्युमेंट म्हणून यूटीएफ-८ चे कोडपेज द्या, कारण न दिल्यास ते यूटीएफ-८ धरत नाही. आणि त्यातून मिळालेला पॉइंटर साठवू नका. ते तात्पुरते ऑब्जेक्ट विधान संपताच नष्ट होते आणि तुमच्या हाती मेलेला पॉइंटर उरतो. फंक्शनच्या कंसात थेट वापरा, नाहीतर त्याला नाव देऊन चल म्हणून जगवा. त्याआधीचे ए-टू-डब्ल्यू हे मॅक्रो स्टॅकवर जागा घेते आणि फंक्शन संपेपर्यंत सोडत नाही. लूपमध्ये ते वापरले की १ एमबीचा स्टॅक बघता बघता भरतो. जुन्या कोडमध्ये दिसले तर काढूनच टाका.

लिनक्सवर एमबीएस-टू-डब्ल्यूसीएस हे रूपांतराचे फंक्शन उणे १ देते. मजकूर तर वैध आहे.

प्रोग्राम सुरू होतो तेव्हा लोकेल “सी” असते आणि त्यात आस्कीपलीकडचे बाइट वैध नसतात. मेनमध्ये पहिल्यांदा सेट-लोकेल रिकाम्या स्ट्रिंगसह बोलवा, म्हणजे वापरकर्त्याचे लोकेल लागू होते. तेही यूटीएफ-८ असायला हवे. सर्व्हरवर, कंटेनरमध्ये आणि क्रॉनच्या कामांत बहुधा “सी” च असते, म्हणून “माझ्याकडे चालते, तिथे नाही” हा अनुभव येतो. तिथे सी-यूटीएफ-८ हे लोकेल मागा.

लायब्ररी लिहीत असाल तर लोकेलला हात लावू नका, ते अख्ख्या प्रोसेसचे असते. आयकॉन्व्ह हे एन्कोडिंग बदलणारे फंक्शन वापरा: स्रोत यूटीएफ-८, लक्ष्य डब्ल्यूचार-टी. लक्ष्य म्हणून नुसते यूटीएफ-१६ दिले तर सुरुवातीला बाइट-क्रमाची खूण जोडली जाते. ती नको असेल तर शेवटी एलई लावा.

डब्ल्यूस्ट्रिंग-कन्व्हर्ट हा प्रमाणित मार्ग होता ना?

सी++११ मध्ये आला, सी++१७ मध्ये कालबाह्य ठरला, सी++२६ मधून काढला गेला. नव्या कोडमध्ये घेऊ नका. प्रमाणित लायब्ररीने त्याला तोडीचा पर्याय दिलेला नाही ही उणीव खरी आहे. विंडोजवर मल्टिबाइट-टू-वाइडचार, इतरत्र आयकॉन्व्ह किंवा आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी.

रूपांतर बरोबर आहे, पण डब्ल्यूकाउट काहीच छापत नाही.

“सी” लोकेलमध्ये देवनागरी पोहोचताच तो स्ट्रीम बिघडलेल्या अवस्थेत जातो आणि त्यानंतरचे इंग्रजीही छापत नाही. विंडोजवर सेट-मोडने स्टँडर्ड आउटपुट यू-१६-टेक्स्ट प्रकारात ठेवा. त्यानंतर त्याच आउटपुटवर साधे काउट किंवा प्रिंट-एफ मिसळू नका, डीबग बिल्ड तिथेच थांबते. वाइड स्ट्रिंग छापताना टक्के-एस ऐवजी टक्के-एलएस लिहा. डब्ल्यू-प्रिंट-एफ मध्ये टक्के-एस चा अर्थ मायक्रोसॉफ्टकडे एक आणि भाषेच्या मानकात दुसरा आहे. आणखी एक: विंडोजच्या जुन्या कन्सोल खिडकीत जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी नीट मांडली जात नाहीत. खात्री करायची असेल तर मजकूर फाइलमध्ये लिहा किंवा मेसेज-बॉक्समध्ये दाखवा. कन्सोल बघून कोड बदलत बसू नका.

विंडोजवर एक एकक म्हणजे एक कोडपॉइंट असे मराठीपुरते धरले तर चालेल?

रोजच्या देवनागरीपुरते तसे असते, आणि नेमकी तीच सवय अंगाशी येते. मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली, विभाग ११६०० ते ११६५एफ. हे कोडपॉइंट १६ बिटांत मावत नाहीत, म्हणून यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकाला दोन एककांची जोडी लागते. मोडी अ, म्हणजे ११६००, हा डी८०५ आणि डीई०० असा लिहिला जातो. यूटीएफ-८ मध्ये तो एफ० ९१ ९८ ८०, चार बाइट. मोडी दप्तरांची सूची करणाऱ्या प्रोग्रामने पहिली ५० एकके कापून शीर्षक बनवले, तर कधीतरी जोडी मधोमध तुटेल आणि उरलेले अर्धे एकक यूटीएफ-८ मध्ये परत नेता येणार नाही. इमोजींचेही तसेच, आणि ते तर मराठी मजकुरात रोज येतात. कापण्याआधी कापण्याच्या जागेचे एकक डीसी०० ते डीएफएफएफ मध्ये आहे का पाहा. असेल तर एक पाऊल मागे या.

दोन शब्द अगदी सारखे दिसतात, दोन्हींचे रूपांतर बरोबर आहे, तरी तुलना जुळत नाही.

मराठीत हे पदोपदी होते. “दऱ्या” दोन प्रकारे टंकता येतो: एकदा ०९३१ या स्वतंत्र र ने, एककांची संख्या ५, आणि एकदा साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि शून्य रुंदीचा जोडक २००डी वापरून, संख्या ६. “ॲप” मधला ॲ स्वतंत्र ०९७२ असू शकतो किंवा अ वर चंद्र देऊन केलेला. “ऑफिस” मधला ऑ तसाच.

विंडोजचे नॉर्मलाइझ-स्ट्रिंग फंक्शन र आणि नुक्ता यांची जोडी ०९३१ मध्ये आणते. वरची उदाहरणे मात्र ते एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती समतुल्य नाहीत. स्वतःचा छोटा तक्ता लागतो: ०९३० ०९४डी २००डी च्या जागी ०९३१ ०९४डी, ०९०५ ०९४५ च्या जागी ०९७२, ०९०६ ०९४५ च्या जागी ०९११. क्रम असा ठेवा की आधी हा तक्ता, मग तुलना.

जोडक नको म्हणून २००डी सरसकट पुसू नका. तसे केले की “दर्‍या” चा “दर्या” होतो, डोंगरातली दरी समुद्रात जाते. आचारी आणि आचार्य यांची गल्लतही अशीच होते: “आचाऱ्यांना” आणि “आचार्यांना” हे दोन वेगळे शब्द आहेत.

जुन्या मराठी फाइली कोणत्या कोडपेजने उघडाव्यात?

आधी त्या कशात आहेत ते ठरवा. इस्की, म्हणजे आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकातला मजकूर असेल तर कोडपेज ५७००२ द्या आणि फ्लॅग ० ठेवा. मल्टिबाइट-टू-वाइडचार हेच फंक्शन काम करते.

पण श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर असेल तर कुठलेही कोडपेज उपयोगाचे नाही. त्या फाइलीत रोमन अक्षरांचेच कोड असतात आणि फॉन्ट त्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवतो. रूपांतर “यशस्वी” होईल आणि मिळेल ते निरर्थक रोमन. तिथे त्या फॉन्टचा तक्ता लागतो, आणि नुसता तक्ताही पुरत नाही. पहिली वेलांटी फाइलमध्ये अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी. रफार अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये र आणि पाय मोडण्याचे चिन्ह आधी हवे. जोडाक्षर असेल तर सगळे जोडाक्षर ओलांडून सरकवावे लागते. “कार्यकर्ता”, “स्थिती” आणि “वर्षी” हे तीन शब्द बरोबर आले की पुढे जा.

वाइडमधून परत यूटीएफ-८ कडे येताना काय सांभाळावे?

वाइडचार-टू-मल्टिबाइट हे फंक्शन, दोन हाकांची पद्धत तीच. ६५००१ सोबत शेवटची दोन अर्ग्युमेंट, बदली अक्षर आणि ते वापरले का हे सांगणारा पॉइंटर, दोन्ही नलच हवीत, नाहीतर त्रुटी ८७. तुटक्या जोड्या पकडण्यासाठी फ्लॅग षोडशमान ८० द्या. जागेचा अंदाज एका एककाला ३ बाइट धरला की कधीच कमी पडत नाही.

डेटाबेस आणि इतर भाषांतून येणाऱ्या मजकुराचे काय?

एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्तंभ एन-व्हारचार असूनही क्वेरीतल्या स्थिर मजकुराआधी एन लावला नाही, तर यूटीएफ-८ कोलेशन नसलेल्या डेटाबेसमध्ये मराठीची प्रश्नचिन्हे होऊन साठतात. ती परत येत नाहीत, मूळ माहिती तिथेच संपलेली असते. पॅरामीटर वापरा, म्हणजे हा प्रश्न येत नाही. सी-शार्पची स्ट्रिंग आधीच यूटीएफ-१६ असते, पण डीएलएल-इम्पोर्टचा मूळ कॅरेक्टर-सेट एएनएसआय आहे. तिथे युनिकोड असे स्पष्ट लिहा. पायथन ३ मध्ये सी-टाइप्सद्वारे साधी स्ट्रिंग दिली की ती वाइड पॉइंटर म्हणूनच जाते, वेगळे काही करावे लागत नाही.

मग सगळा प्रोग्राम वाइडमध्येच लिहावा का?

आमच्या मते नाही. फाइली, नेटवर्क, जेसन, डेटाबेस यांची देवाणघेवाण यूटीएफ-८ मध्ये चालते. आत सगळीकडे यूटीएफ-८ ठेवा आणि विंडोजचे फंक्शन बोलवण्याच्या ऐन क्षणी वाइड करा. त्यासाठी दोनच फंक्शने लिहा, एक जाण्याचे, एक येण्याचे, आणि रूपांतराचा प्रत्येक कोड त्यांच्यातूनच जाऊ द्या. त्यांच्या चाचणीत निदान एवढे असू द्या: रिकामी स्ट्रिंग, “मराठी”, “मीठ”, “पुण्याच्या”, दोन्ही प्रकारे टंकलेला “दऱ्या”, मोडी अ, एक इमोजी, रुपयाचे चिन्ह (यू+२०बी९, बाइट ई२ ८२ बी९) आणि मुद्दाम शेवटचा बाइट कापलेला एक शब्द. शेवटच्या शब्दावर त्रुटी यायलाच हवी.